पोल्ट्रीतल्या ई. कोलायचा प्रतिजैविक-प्रतिरोध आणि जनुकीय विविधता : आराखडा कसा असावा?

पेट्रीप्रज्ञा

नमस्कार मंडळी. ब्रॉयलर कोंबड्यांमधून ई. कोलाय वेगळे करून दोन गोष्टी पाहायच्या आहेत : कुठल्या औषधांना ते दाद देत नाहीत आणि आपसात त्यांचं जनुकीय नातं किती जवळचं आहे. कच्चा आराखडा देते. ५ शेड, प्रत्येकातून २० पक्ष्यांचे क्लोएकल स्वॅब, मॅकॉन्की अगारवर स्ट्रीक, प्रत्येक प्लेटवरून ३ कॉलनी. असे एकूण ३०० आयसोलेट (वेगळे केलेले जिवाणू). त्यांवर १२ औषधांच्या डिस्क (डिस्कभोवती वाढ न झालेला झोन मोजायचा), मग ईआरआयसी-पीसीआर (डीएनएचा पट्ट्यांच्या रूपातला ठसा), त्यावरून डेंड्रोग्राम म्हणजे नात्याची झाडासारखी आकृती आणि "इतके टक्के बहुप्रतिरोधी" हा निष्कर्ष.

काम सुरू करण्याआधी जाणकारांनी हे सोलून काढावं. स्पष्ट बोललात तरी चालेल.

आकडेमोड

पहिली अडचण प्रयोगशाळेत शिरण्याआधीचीच आहे. तुमचे ३०० हे ३०० नाहीत.

एका शेडमधले पक्षी एकच पाणी पितात, एकाच लिटरवर (जमिनीवर पसरलेल्या भुशावर) वावरतात, त्यांना औषधही एकाच वेळी मिळतं. त्यामुळे एकाच शेडमधले निकाल एकमेकांसारखे येतात. हे साम्य किती, ते अंतर्गत सहसंबंधाच्या गुणांकाने मोजतात. उदाहरणापुरता तो ०.३ धरू. शेडमागे २० नमुने असतील तर डिझाइन इफेक्ट १ + १९ × ०.३ = ६.७. म्हणजे १०० पक्ष्यांची खरी किंमत १५ स्वतंत्र नमुन्यांइतकी. आता प्रत्येकी ३ कॉलनी घेऊन शेडमागे ६० करा : १ + ५९ × ०.३ = १८.७, आणि ३०० ला १८.७ ने भागल्यावर उत्तर १६. काम तिप्पट, माहितीत भर एकाची. एकाच पक्ष्यातल्या कॉलनी तर आपसात आणखीच सारख्या असतात, म्हणून प्रत्यक्षात तीही भर पडणार नाही.

तेच १०० पक्षी २० शेडमधून ५-५ असे घेतले तर डिझाइन इफेक्ट २.२ आणि परिणामकारक संख्या ४५. म्हणून शेड वाढवा, पक्षी कमी करा. आणि विश्लेषणात साधा काय-स्क्वेअर लावू नका; शेड हा यादृच्छिक घटक धरून मिश्र मॉडेल वापरा.

कुक्कुटवैद्य

आकडेमोड यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात माझी भर : शेडची माहिती गोळा केली नाही तर जनुकीय नात्याचा अर्थच लावता येणार नाही. प्रत्येक बॅचसाठी निदान एवढं लिहून ठेवा : नमुना घेतला त्या दिवशी पक्ष्यांचं वय, हॅचरी कोणती, पिल्लं कोणत्या पॅरेंट फ्लॉकची, आतापर्यंत कोणतं औषध किती दिवस आणि पाण्यातून की खाद्यातून दिलं, आधीच्या बॅचनंतर शेड किती दिवस रिकामं होतं, लिटर बदललं की जुन्यावरच नवी बॅच घेतली.

वयाचा मुद्दा फार दुर्लक्षित राहतो. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती आणि पाचव्या आठवड्यातली वस्ती वेगवेगळी असते. एका शेडमधून ७ दिवसांची आणि दुसऱ्यातून ३५ दिवसांची पिल्लं घेऊन "या शेडमध्ये प्रतिरोध जास्त" म्हणणं चूक ठरेल. वय एकच ठेवा.

शेडमध्ये अमुक प्रतिरोधी जिवाणू आहे की नाही, एवढाच प्रश्न असेल तर बूट-स्वॅब पुरतो : बुटांवर ओलसर मोजे चढवून शेडची लांबी चालायची. किती पक्षी ते वाहतात हे हवं असेल तर पक्षीनिहाय स्वॅब लागतात. आणि हॅचरीवर संशय असेल तर पिल्लांच्या पेट्यांतले तळाचे कागद सर्वांत बोलके. पिल्लू शेडमध्ये पाय ठेवण्याआधीच काय घेऊन आलं, ते तिथे दिसतं.

स्वॅब कॅरी-ब्लेअर किंवा एमीज माध्यमात, ४ °से.ला, २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत. गोठवू नका.

सूक्ष्मदर्शी

आता प्लेटकडे येऊ. इथे एक घोळ इतका नेहमीचा आहे की जरा विस्ताराने लिहितो.

साध्या मॅकॉन्कीवरून उचललेली कॉलनी आणि सेफोटॅक्झिम हे प्रतिजैविक घातलेल्या मॅकॉन्कीवरून उचललेली कॉलनी या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. साधी प्लेट सांगते की पक्ष्याच्या आतड्यातल्या ई. कोलायपैकी साधारण किती प्रतिरोधी आहेत. औषध घातलेली प्लेट सांगते की लाखांत एखादा का होईना, प्रतिरोधी जिवाणू या नमुन्यात आहे का. दोन्हींकडच्या कॉलनी एकाच तक्त्यात टाकून टक्केवारी काढली की त्या आकड्याला अर्थ उरत नाही, कारण दुसऱ्या प्लेटवर संवेदनशील जिवाणू वाढूच शकत नव्हते. म्हणून दोन समांतर मार्ग, दोन वेगळे तक्ते.

औषधी प्लेटची पद्धत : १ ग्रॅम सीकममधला (आंधळ्या आतड्यातला) ऐवज ९ मिली बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये, ३७ °से., १८ ते २२ तास. त्यातला १० मायक्रोलिटरचा लूप, लिटरला १ मिग्रॅ सेफोटॅक्झिम असलेल्या मॅकॉन्कीवर. मग ४४ °से.ला १८ ते २२ तास. तापमान ४४ ठेवल्याने बाकीची बरीचशी एंटेरोबॅक्टर मंडळी मागे पडतात. सेफोटॅक्झिम मात्र अगार ५० °से.च्या आसपास थंड झाल्यावरच मिसळा, गरम अगारमध्ये ते लवकर खराब होतं. प्रत्येक लॉटची परीक्षा घ्या : एटीसीसी २५९२२ हा संवेदनशील प्रमाण-स्ट्रेन वाढायला नको, माहितीतला ईएसबीएल (सेफोटॅक्झिम तोडणारं विकर बनवणारा) स्ट्रेन वाढायला हवा.

यात एक छुपी अडचण आहे. प्रतिरोधी कॉलनी बीटा-लॅक्टमेज हे औषध तोडणारं विकर बाहेर सोडते, त्यामुळे तिच्या भोवतीचं औषध संपतं आणि शेजारी संवेदनशील जिवाणू तग धरून राहतात. पहिल्या प्लेटवरची कॉलनी थेट पीसीआरला लावली तर मिश्र कल्चर हाती येतं. तीच कॉलनी पुन्हा औषधी प्लेटवर स्ट्रीक करून शुद्ध करा, मगच पुढे जा.

ईएमबी अगारवरच्या हिरव्या धातुसारख्या चकाकीवर ओळख पक्की करू नका. इंडोल, मिथाइल रेड, व्होग्स-प्रॉस्कॉर, सायट्रेट हा साचा (+ + − −) किंवा यूआयडीए जनुकाचा पीसीआर, नाहीतर माल्डी-टॉफ (प्रथिनांवरून ओळख).

पेट्रीप्रज्ञा

दोन तक्त्यांचा मुद्दा पटला. डिस्कची यादी अशी : अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन-जी, सेफोटॅक्झिम, सेफॉक्सिटिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन, को-ट्रायमॉक्सेझॉल, जेंटामायसिन, व्हँकोमायसिन, एरिथ्रोमायसिन, कॉलिस्टिन. काही काढू का?

सूक्ष्मदर्शी

चार काढा.

पेनिसिलिन-जी आणि व्हँकोमायसिन ई. कोलायवर मुळातच चालत नाहीत. व्हँकोमायसिनचा रेणू बाह्य पटलातून आत जाऊ शकत नाही. एरिथ्रोमायसिनचंही साधारण तेच. अशी औषधं यादीत ठेवली की शंभर टक्के आयसोलेट आपोआप "बहुप्रतिरोधी" ठरतात. बहुप्रतिरोधीची २०१२ पासून रूढ झालेली व्याख्या म्हणजे तीन किंवा अधिक औषधवर्गांतल्या निदान एकेका औषधाला मिळवलेला प्रतिरोध. 'मिळवलेला' हा शब्द तिथे महत्त्वाचा, आणि मोजायचे ते वर्ग. अँपिसिलिन व अमॉक्सिसिलिन मिळून एकच नोंद होते, तेव्हा एकच डिस्क ठेवा.

कॉलिस्टिनची डिस्क तर लावूच नका. रेणू मोठा, अगारमधून नीट पसरत नाही, प्रतिरोधी आणि संवेदनशील यांच्या झोनमध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच करावं लागतं : कॅल्शियम-मॅग्नेशियम जुळवलेलं म्युलर-हिंटन ब्रॉथ, विहिरीत शेवटी दर मिलीला ५ × १०⁵ जिवाणू, पॉलिसॉर्बेट-८० न घालता. कॉलिस्टिन प्लास्टिकला चिकटतं, म्हणून एकाच प्रकारची पॉलिस्टायरीन प्लेट शेवटपर्यंत वापरा आणि डायल्यूशन ताजी करा. एमआयसी (वाढ थांबवणारी किमान मात्रा) लिटरला २ मिग्रॅपेक्षा जास्त आली तर प्रतिरोधी, आणि मग एमसीआर या कॉलिस्टिन-प्रतिरोध देणाऱ्या जनुकांचा पीसीआर.

बाकी डिस्कसाठी : अगारची जाडी ४ मिमी. प्लेट पातळ ओतली तर झोन फुगतात आणि प्रतिरोधी जिवाणू संवेदनशील वाटू लागतो. जाड ओतली तर उलट. ०.५ मॅकफार्लंड गढूळपणा, तो डोळ्यांनी नव्हे तर डेन्सिटोमीटरने. सस्पेन्शन १५ मिनिटांत वापरा, डिस्क १५ मिनिटांत ठेवा, प्लेट त्यापुढच्या १५ मिनिटांत इन्क्युबेटरमध्ये. ३५ °से., १६ ते १८ तास. अगारचा सामू ७.२ ते ७.४, तो खाली घसरला तर जेंटामायसिनचा झोन आक्रसतो आणि टेट्रासायक्लिनचा फुगतो, म्हणजे एकाच प्लेटवर दोन औषधं विरुद्ध दिशांना खोटं बोलतात. माध्यमात थायमिडीन जास्त असेल तर को-ट्रायमॉक्सेझॉलच्या झोनमध्ये धूसर वाढ दिसते.

डिस्कमधली मात्रा आणि वाचनाचा तक्ता एकाच पद्धतीचा हवा. सीएलएसआय ही अमेरिकी मानक संस्था सेफोटॅक्झिमची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क वापरते, युकास्ट ही युरोपीय संस्था ५ मायक्रोग्रॅमची. एकीची डिस्क आणि दुसरीचा तक्ता अशी सरमिसळ छापील प्रबंधांतसुद्धा दिसते. ३० मायक्रोग्रॅमच्या डिस्कला एटीसीसी २५९२२ चा झोन २९ ते ३५ मिमीमध्ये आला नाही तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद धरा.

वंशवेल

सूक्ष्मदर्शी यांनी एमआयसीचा विषय काढलाच आहे, तर सिप्रोफ्लॉक्सासिनबद्दल एक. युकास्टच्या तक्त्यात ई. कोलायचा उपचारासाठीचा प्रतिरोधी कट-ऑफ लिटरला ०.५ मिग्रॅच्या वर; पण निसर्गातल्या, कुठलाही बदल न झालेल्या जिवाणूंची हद्द ०.०६४ लाच संपते. पोल्ट्रीतले बरेच आयसोलेट या दोहोंच्या मध्ये सापडतात. जायरए जनुकात ८३ व्या स्थानी सेरीनच्या जागी ल्यूसिन आलेलं असतं, किंवा प्लाझ्मिडवर (एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या छोट्या डीएनए-वर्तुळावर) क्यूएनआर-एस हे प्रतिरोधाचं जनुक बसलेलं असतं. उपचाराच्या कट-ऑफने ते "संवेदनशील" ठरतात आणि यादीतून निसटतात. पण पुढचा एखादा बदल झाला की हेच पूर्ण प्रतिरोधी होणार आहेत. पाळत ठेवायची असेल तर हा मधला पट्टा वेगळा दाखवायलाच हवा.

आता जनुकीय विविधतेकडे. पेट्रीप्रज्ञा, तुमच्या आराखड्यात प्रतिरोध एका प्रकरणात आणि डेंड्रोग्राम दुसऱ्या प्रकरणात आहे. मला वाटतं, या अभ्यासाचा सगळा जीव त्या दोघांना एकमेकांसमोर ठेवण्यात आहे. प्रश्न असा : पसरतंय काय, क्लोन (एकाच जिवाणूची वंशावळ) की प्लाझ्मिड?

समजा, २० शेडमध्ये सीटीएक्स-एम-५५ हे सेफोटॅक्झिम-प्रतिरोधाचं जनुक सापडलं. सगळ्या आयसोलेटचा एसटी (ठरावीक जनुकांवरून दिलेला वंश-क्रमांक) एकच, फिंगरप्रिंट एकच, तर एक वंश फिरतोय. तो कुठून तरी एकाच ठिकाणाहून येतो, बहुधा पिल्लांबरोबर. पण तेच जनुक एसटी १०, एसटी १५५, एसटी ११७ अशा दूरदूरच्या वंशांत एकाच आय-१ गटाच्या प्लाझ्मिडवर दिसलं, तर फिरतंय ते प्लाझ्मिड, आणि एखादा वंश हटवून काही साधणार नाही. तिसरी शक्यता : वंश वेगळे, प्लाझ्मिडही वेगळे, फक्त प्रतिरोध सारखा. तेव्हा प्रत्येक शेडमध्ये औषधाचा दाब स्वतंत्रपणे काम करतोय. प्रतिरोधाची टक्केवारी तिन्ही वेळा सारखीच येऊ शकते. करायची उपाययोजना मात्र तिन्ही वेळा वेगळी.

नवखा_संशोधक

पण आता पूर्ण जीनोम वाचता येतो, मग ईआरआयसी करायचंच कशाला?

वंशवेल

चाळणी म्हणून. शेकडो आयसोलेटमधून कोणते ३०-४० सिक्वेन्स करायचे ते ठरवायला ईआरआयसी उत्तम आहे. एकाच पक्ष्यातले दोन आयसोलेट, झोनही सारखे आणि पट्टेही सारखे, तर एकच ठेवा. एवढ्या कामापलीकडे त्याच्यावर विसंबू नका, आणि एका प्रयोगशाळेचे पट्टे दुसरीच्या पट्ट्यांशी ताडून पाहू नका.

प्रत्यक्ष करताना : अॅनीलिंग ५२ °से., एक्स्टेन्शन ६५ °से.ला ८ मिनिटं. डीएनए सर्व नळ्यांत सारखा, समजा २५ नॅनोग्रॅम. कमी-जास्त झाला की फिके पट्टे येतात-जातात आणि ते खोटी विविधता दाखवतात. उकळून काढलेल्या डीएनएपेक्षा किटने शुद्ध केलेला बरा. सगळे आयसोलेट एकाच मास्टरमिक्सने, एकाच थर्मोसायक्लरवर. जेलमध्ये दर ५-६ खान्यांनंतर लॅडर, आणि प्रत्येक जेलवर तोच एक नियंत्रण-स्ट्रेन.

डेंड्रोग्रामवर रेघ कुठे मारायची याचं उत्तर तुमच्याच जेलमध्ये असतं. निदान १० आयसोलेट दोन वेगवेगळ्या दिवशी चालवा. तोच आयसोलेट स्वतःशीच डाइस गुणांकाने (पट्ट्यांचं साम्य मोजणाऱ्या आकड्याने) ९२ टक्केच जुळला, तर ९५ टक्क्यांवर रेघ मारून "दोन वेगळे प्रकार" म्हणता येत नाही. हा पुनरावृत्तीचा आकडा न देता छापलेल्या डेंड्रोग्रामवर मी विश्वास ठेवत नाही.

फायलोग्रुपसाठी (ई. कोलायच्या मोठ्या वंशगटांसाठी) २००० सालची तीन जनुकांची जुनी पद्धत सोडा. २०१३ ची चार जनुकांची घ्या. पट्टे : एआरपीए ४००, सीएचयूए २८८, वायजेएए २११ आणि टीएसपीई४.सी२ चा तुकडा १५२ बेसजोड्या. जुन्या पद्धतीत एफ गटातले जिवाणू डी म्हणून मोजले जात. पोल्ट्रीसाठी आणखी एक खबरदारी : एसटी ११७ हा कोंबड्यांमध्ये रोग करणारा महत्त्वाचा वंश जी गटात बसतो, आणि चार जनुकांच्या पीसीआरला जी गट वेगळा ओळखता येत नाही, तो एफ किंवा बी२ म्हणून पुढे येतो. त्यासाठी जादा पीसीआर किंवा सिक्वेन्स लागतो.

आकडेमोड

विविधता शब्दांत सांगू नका, आकडा द्या. सिम्पसनचा निर्देशांक : प्रत्येक प्रकारात जितके आयसोलेट, त्या संख्येला तिच्याहून एकने कमी संख्येने गुणा, सगळ्यांची बेरीज करा, बेरजेला एकूण संख्या गुणिले एकूण वजा एक याने भागा, आलेलं उत्तर १ मधून वजा करा. २० आयसोलेट आहेत. एका प्रकारात ५, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात २ आणि उरलेले १० एकेकटे. बेरीज २० + ६ + २ = २८. भागाकार २८ / ३८० = ०.०७४. निर्देशांक ०.९२६. दुसऱ्या शेडमध्ये २० चेच प्रकार १४, ३, २, १ असे पडले, तर बेरीज १९०, निर्देशांक बरोबर ०.५.

पहिल्या शेडमध्ये कोणतेही दोन आयसोलेट उचलले तर ते वेगळे निघण्याची शक्यता ९२.६ टक्के, दुसऱ्यात निम्मी. वर वंशवेल यांनी मांडलेला प्रश्न यातून आकड्यांत उतरतो : सेफोटॅक्झिमला दाद न देणाऱ्यांचा निर्देशांक आणि साध्या प्लेटवरच्यांचा निर्देशांक शेजारी ठेवा, दोन्हींच्या विश्वास-मर्यादांसह. प्रतिरोधी गटाचा बराच खाली आला तर क्लोनचा संशय धरा.

कुक्कुटवैद्य

प्रतिरोध पिल्लांबरोबर येतो, याचं ठळक उदाहरण नॉर्डिक देशांतलं आहे. तिथे ब्रॉयलरना सेफॅलोस्पोरिन (सेफोटॅक्झिमचा औषधवर्ग) देतच नव्हते, तरी त्या वर्गाला प्रतिरोध देणारं सीएमवाय-२ जनुक वाहणारे ई. कोलाय सापडले. आयात केलेल्या प्रजनक कळपांतून, आजी-आजोबांच्या पिढीपासून खाली पिल्लांपर्यंत ते उतरत आले होते. शेडमध्ये औषध शून्य, तरी प्रतिरोध हजर.

उलट बाजूचं उदाहरण कॅनडातलं. क्यूबेकमध्ये हॅचरीत अंड्यातच सेफ्टिओफर हे सेफॅलोस्पोरिन टोचत. २००५ मध्ये हॅचऱ्यांनी ते स्वेच्छेने थांबवलं, तेव्हा साल्मोनेला हायडेलबर्गमधला सेफ्टिओफर-प्रतिरोध कोंबडीच्या मांसातही घसरला आणि माणसांतही. पुढे वापर अंशतः सुरू झाल्यावर तो पुन्हा चढू लागला.

आणि "आम्ही ते औषध वापरतच नाही" हे उत्तर पुरेसं मानू नका. सेफोटॅक्झिम-प्रतिरोधाचं जनुक ज्या प्लाझ्मिडवर आहे त्याच प्लाझ्मिडवर टेट-ए (टेट्रासायक्लिन-प्रतिरोध), सल-२ (सल्फा-प्रतिरोध) ही जनुकं बसलेली असतील, तर पाण्यातून दिलेलं साधं टेट्रासायक्लिनही सेफोटॅक्झिमचा प्रतिरोध राखून ठेवतं. म्हणून औषधांची नोंद संपूर्ण हवी, फक्त 'महत्त्वाच्या' औषधांची नको.

पेट्रीप्रज्ञा

प्लाझ्मिड फिरतंय हे सिद्ध कसं करायचं? कॉन्जुगेशन (दाता जिवाणूकडून ग्राहक जिवाणूकडे प्लाझ्मिड जातं का, हा प्रयोग) ३७ °से.ला लावायचा विचार आहे.

वंशवेल

एक तापमान पुरणार नाही. एचआय-२ गटाचे प्लाझ्मिड ३७ ला जवळजवळ हलत नाहीत. २२ ते ३० °से.ला चांगले जातात. एमसीआर-१ या गटावरही सापडतं. ३७ लाच प्रयोग करून "प्लाझ्मिड संक्रमणक्षम नाही" असं लिहिलं तर निष्कर्ष उलटा निघेल. प्रत्येक जोडी ३० आणि ३७ दोन्हींवर लावा.

ग्राहक म्हणून अॅझाइड-प्रतिरोधी जे-५३ हा ई. कोलाय स्ट्रेन. दाता-ग्राहक प्रमाण १ : १०, फिल्टरवर रात्रभर. मग लिटरला १५० मिग्रॅ सोडियम अॅझाइड आणि २ मिग्रॅ सेफोटॅक्झिम असलेल्या प्लेटवर निवड. एमसीआरसाठी सेफोटॅक्झिमच्या जागी कॉलिस्टिन. नुसता दाता आणि नुसता ग्राहक अशा दोन नियंत्रण-प्लेट त्याच औषधांवर लावा. दोन्ही कोऱ्या राहिल्या तरच मिश्रणाच्या प्लेटवरच्या कॉलनींना अर्थ आहे. कॉलनी आल्यावर तिचे ईआरआयसी पट्टे जे-५३ शी जुळतात का आणि जनुकाचा पीसीआर येतो का, हे दोन्ही बघा. आणि अॅझाइड सिंकमध्ये ओतू नका, आम्लाशीही संपर्क येऊ देऊ नका : धातूच्या नळांत त्याचे स्फोटक क्षार बनतात, आम्लाशी विषारी वायू.

सिक्वेन्सिंगबद्दल : सुमारे ५० लाख बेसजोड्यांच्या जीनोमला ५० पट कव्हरेज (प्रत्येक बेस सरासरी ५० वेळा वाचणं) म्हणजे २५ कोटी बेस. जनुकांची यादी आणि एसटी काढायला १५० बेसचे छोटे रीड (एका वेळी वाचलेले तुकडे) पुरतात. प्लाझ्मिडचा नकाशा मात्र त्यातून मिळत नाही. प्रतिरोधी जनुकांच्या आजूबाजूला आयएस२६ या जागा बदलणाऱ्या डीएनए-घटकाचे ८२० बेसचे तुकडे पुन्हापुन्हा येतात. रीड त्याहून लहान, म्हणून असेंब्ली (रीडची जोडणी) नेमकी तिथेच तुटते. प्रत्येक वंशाचा एखादा प्रतिनिधी लांब रीडवर वाचा. आणि रेसफाइंडर या प्रतिरोध-जनुकं शोधणाऱ्या साधनाची मूळ मर्यादा ९० टक्के साम्य व ६० टक्के लांबी अशी असते. ६५ टक्के लांबीचं टेट-ए सापडलं आणि झोन संवेदनशील आला तर जनुक अर्धवट तुटलेलं असण्याची शक्यता आधी तपासा.

पेट्रीप्रज्ञा

सुधारित : २० शेड, एकाच वयाचे ५-५ पक्षी, दोन समांतर प्लेट, प्रत्येक प्लेटवरून एक कॉलनी, सात डिस्क आणि कॉलिस्टिन मायक्रोडायल्यूशनवर. सगळे आयसोलेट साठवायचे आहेत. अगार स्लँट चालतील का?

सूक्ष्मदर्शी

स्लँट नको. पुन्हापुन्हा उपसंवर्धन केलं की औषधाचा दाब नसताना काही जिवाणू प्लाझ्मिड सोडून देतात. सहा महिन्यांनी पीसीआर रिकामा येतो आणि दोष पीसीआरवर जातो. शुद्ध केलेल्या पहिल्याच प्लेटवरून २० टक्के ग्लिसरॉलमध्ये दोन नळ्या भरा, −८० °से.ला. एक कामाची, दुसरी उघडायचीच नाही. सेफोटॅक्झिमच्या प्लेटवरून आलेला आयसोलेट पुन्हा काढताना आधी सेफोटॅक्झिम घातलेल्या प्लेटवरच काढा. नळीवर शेड, पक्षी, तारखेबरोबर कोणत्या प्लेटवरून उचलला तेही लिहा, नाहीतर ते दोन तक्ते पुढे वेगळे ठेवता येणार नाहीत.